पीटीचा तास कुठे जातो?

जून जवळ आला की मंडळातल्या ओळखींमधून शाळांची चौकशी सुरू होते. बोर्ड कोणते, फी किती, व्हॅन दारापर्यंत येते का, वर्गात एसी आहे का. मैदान केवढे आहे आणि मुले त्यावर प्रत्यक्ष किती वेळ असतात, हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वर्षांच्या मुलांची रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी. म्हणजे आठवड्याला 420. (आकडा बदनाम, पण हिशोब सरळ.) आता वेळापत्रकात पीटीचे 35 मिनिटांचे 2 तास धरा. झाली 70. त्यातून जिना उतरणे, रांग, हजेरी, पाणी आणि बॅटिंगची पाळी यायची वाट पाहणे वजा करा. निम्मी उरली तरी पुष्कळ. परीक्षा आली की तीही गणिताला जातात. वर्गाने दंगा केला तर शिक्षा म्हणून पीटीच बंद! गणिताचा तास बंद करण्याची शिक्षा कुणी ऐकली आहे का?

हे फक्त सिल्वासाचे नाही. संघटनेच्या 2016 च्या अंदाजानुसार जगातली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुले या 60 मिनिटांपर्यंत पोचत नव्हती, आणि मुली मुलांपेक्षाही मागे होत्या.

पण आपल्याकडे शाळेवरच सगळा भार येतो. आपल्यापैकी बरेच जण कंपनीतल्या नोकरीसाठी इथे आलो, फ्लॅटमध्ये राहतो. खाली पार्किंग, बाहेर कारखान्यांकडे जाणारे ट्रक. शाळेनंतर ट्यूशन. त्यात जून ते सप्टेंबर पाऊस असा की मैदानात चिखलाशिवाय काही दिसत नाही. ज्या शाळेत पत्र्याची का होईना, मोठी शेड आहे, तिथली मुले त्या चार महिन्यांतही धावतात. बाकीची बाकावर बसून राहतात. माझ्या मते आपल्या गावात स्मार्ट बोर्डाआधी शेड हवी.

फार खर्चही लागत नाही. ब्रिटनमध्ये प्राथमिक शाळांच्या अंगणात नुसत्या रंगीत रेषा आखल्या, तर सुट्टीत मुलांची हालचाल वाढल्याचे अभ्यासात दिसले. आपल्याला यात नवल नाही. लंगडीला आणि ठिकरीला खडूची रेघ पुरते. शेडमध्ये ऑइलपेंटने एकदा आखून ठेवली की झाले.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. सातवी-आठवीपासून मैदानाचा मधला भाग मुलांच्या क्रिकेटकडे जातो आणि मुली कडेला गप्पा मारत फिरतात. त्यांना आवड नाही, असे आपण म्हणून टाकतो. मग जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणारा आपला महिला संघ, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, कुठून आला? मैदान त्यांच्यासाठी राखून ठेवले आणि शिकवणारे कुणी असले की मुली खेळतात. खो-खोला दोन खांबांपलीकडे सामान लागत नाही आणि मैदानही 27 बाय 16 मीटरचे पुरते.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य मिळावे, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे पालकसभेत हे विचारताना संकोच नको. मागच्या महिन्यात पीटीचे किती तास प्रत्यक्ष झाले? पावसात मुले कुठे खेळतात? मुलींना मैदान कोणत्या वारी मिळते? एकट्याने विचारले तर मुख्याध्यापक हसून विषय बदलतील. एका वर्गाचे आठ-दहा पालक मिळून गेले तर वेळापत्रक उघडून दाखवावे लागेल. आणि घरी पीटीऐवजी जादा गणिताचा तास झाला म्हणून खूश होणारे पालकही आपल्यातच आहेत, तेव्हा त्यांच्याशी आधी बोलून घ्या.