चाल उसनी, नाव बेपत्ता

जालन्याच्या महाविद्यालयांत, अंबड-परतूरकडील लग्नमंडपांत, फार काय एसटीच्या बाकावरही हल्ली मोबाइलच्या पडद्यावर एक करमणूक हटकून दृष्टीस पडते. जुन्या अमेरिकन व्यंगचित्रपटांतील टॉम हे मांजर जेरी या उंदरामागे धावत असते, आणि मूळ संगीत पुसून त्याच्या जागी ‘सैराट’मधील (२०१६) ‘झिंगाट’ घातलेले असते.

आमचे काही विद्वान स्नेही यास संस्कृतीचा ऱ्हास म्हणतात. आम्हांस हे मत मान्य नाही. ज्यांचे आजे-पणजे ‘मानापमाना’च्या पदांवर माना डोलवीत, त्यांनी तरी उसनवारीस नाक मुरडू नये! १९११ च्या त्या नाटकास गोविंदराव टेंब्यांनी ज्या चाली दिल्या, त्यांत पूरबच्या ठुमरी-दादऱ्यांचे ऋण किती, हे जाणकारांस ठाऊक आहे. एकाची चाल, दुसऱ्याचे शब्द, तिसऱ्याचा गळा, यांवरच आमची रंगभूमी पोसली.

शिवाय हे गाणे त्या चित्रांवर बसते, ते केवळ योगायोगाने नव्हे. विल्यम हॅना चित्रांची गती मात्रा मोजून आखीत असे. सेकंदास चोवीस चित्रे. मिनिटास १२० ठोक्यांची लय धरली, तर दर बारा चित्रांस एक ठोका. पाऊल, आपटणे, डोळे विस्फारणे, सारे ठोक्यावर. अशा चित्रांस कोणताही ठसकेबाज ताल आपलासा करतो.

आमचा राग निराळ्याच गोष्टीवर आहे. संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडून पाहावीत. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे छापून मूळ गीताचे आरंभीचे शब्द दिलेले आढळतात. उसने घेणारा उसने आहे असे सांगे. आजच्या चित्रफितीत हॅना नाही, बार्बेरा नाही, अजय-अतुलही नाहीत. जोडणाऱ्या पठ्ठ्याचे नाव मात्र कोपऱ्यात ठळक झळकते! सर्वांत मोठा अन्याय स्कॉट ब्रॅडलीवर. ज्याने या मांजराच्या प्रत्येक उडीस स्वर दिला, त्याचे संगीतच पुसले जाते. १९४७ च्या ऑस्करविजेत्या ‘द कॅट कॉन्सर्टो’त टॉम पियानोवर लिस्टची रचना वाजवितो, तेथे संगीत हीच कथा. तिच्यावर ढोल चढविणाऱ्यास आम्ही रसिक म्हणणार नाही.

‘इतकी नावे द्यावयास जागा कोठे?’ असे विचारतात. स्वतःच्या नावास जागा सापडते ना? परवानगीचा प्रश्न वकिलांवर सोडू. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क विकल्यानंतरही कर्त्याचा कर्तृत्व सांगण्याचा अधिकार शाबूत ठेवला आहे.

आमच्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत अशा चित्रफिती पडद्यावर दाखवितात, खुशाल दाखवाव्यात. मात्र आरंभी ‘चित्रे अमक्याची, मूळ संगीत तमक्याचे, गीत फलाण्याचे’ अशी एक ओळ नसेल, तर ती चित्रफीत चिटणिसांनी परत करावी.