घाम गाळणाऱ्यांच्या ताटात

आज घटस्थापना. चांदवडच्या महामार्गालगतच्या डोंगरावर रेणुकामातेच्या दारात पहाटेपासून रीघ लागली आहे आणि घरोघरी काळ्या मातीत धान्य पेरून घट बसले आहेत. आजच, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वस्तू व सेवा कराचे नवे दरही लागू झाले. बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम, कॉर्नफ्लेक्स यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शेव, भुजिया, फरसाण यांच्या पाकिटांवरचा १२ वरून ५ वर. जिमच्या फीवरचा करही १८ वरून ५ टक्के झाला. वजन उतरवण्याची जागा आणि वजन वाढवणारा पुडा एकाच दिवशी, एकाच दरात स्वस्त झाले.

करकपात करणाऱ्यांपुढे सणासुदीची खरेदी होती, हे उघड आहे आणि महागाईने पिचलेल्या घराला चार पैसे सुटले तर त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. पण पाचच दिवसांपूर्वी, १७ सप्टेंबरला, आठवा राष्ट्रीय पोषण महिना सुरू झाला. लठ्ठपणा टाळण्यासाठी साखर, मीठ आणि तेल कमी करा, हा त्यातला एक मुख्य संदेश आहे. गावातली अंगणवाडी सेविका हा संदेश घेऊन ज्या दारात जाईल, त्याच दारासमोरच्या दुकानात तेल-साखर-मिठाचे पुडे आता अधिक स्वस्त मिळतील. या दोन सरकारी निर्णयांची एकमेकांशी भेटच झालेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बसून खाणाऱ्यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला आज लिहायचे आहे ते मेहनत करणाऱ्यांविषयी. चांदवड तालुक्यात आता पहाटे पाचलाच मैदाने आणि गावाबाहेरचे रस्ते जागे होतात. राज्यात पोलिसांची सुमारे १५ हजार पदे भरायला मंत्रिमंडळाने ऑगस्टमध्ये मंजुरी दिली, तेव्हापासून धावणारी गर्दी वाढली आहे. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. सेकंदासेकंदावर गुण ठरलेले. दुगाव, वडाळीभोई, राहुड अशा गावांमधली शेतकऱ्यांची पोरं अंधारात उठून ग्राऊंड मारतात. त्यांच्यामागून येतात चाळिशी ओलांडलेली माणसे. कोणाची साखर वाढलेली, कोणाचे गुडघे कुरकुरू लागलेले, कोणाला डॉक्टरांनी आठ-दहा किलो उतरवायला सांगितलेले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळच्या जेवणाच्या आणि पंचेचाळीस मिनिटे चालण्याच्या सांगण्याने काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात जी लाट उठली, तिने गावखेड्यांतल्या बायकांनाही चपला बाजूला ठेवून बूट घालायला लावले. ही लहान गोष्ट नाही. ज्या समाजात सकाळी रस्त्याने नुसते चालणाऱ्या बाईकडे माणसे वळून पाहत, तिथे आता सासू-सुना जोडीने चालतात.

व्यायाम उरकल्यावर ही मंडळी काय खातात, ते कधी तरी शेजारी थांबून पाहावे. भरतीच्या पोरांच्या हातात वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली असते. आत साखर, कॅफिन आणि रंग. ज्यांना परवडते त्यांनी वर्गणी काढून प्रोटीनचा डबा आणलेला असतो. चालून आलेल्या मंडळींच्या चहाच्या कपाशेजारी ‘मल्टीग्रेन’ किंवा ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटे असतात, कारण ती साध्या बिस्किटांपेक्षा बरी असे त्यांना कोणी तरी सांगितलेले असते. त्या पुड्याच्या मागे पाहिले तर पहिला शब्द बहुधा मैदा असतो, नंतर तेल, नंतर साखर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, असा नियमच आहे. पुढच्या बाजूला चित्रात डोलणारी कणसे मागच्या यादीत कुठे तरी शेवटी सापडतात.

नवरात्राच्या उपवासाचेही तेच झाले आहे. नऊ दिवस निरंकार राहणाऱ्या, देवीच्या दारी घटी बसणाऱ्या बायांच्या निष्ठेपुढे आम्ही नम्र आहोत. परंतु अलीकडे अनेकांच्या मनात उपवासाबरोबर आणखी एक हिशेब असतो: या नऊ दिवसांत दोन-तीन किलो तरी उतरावेत. आणि नेमक्या याच काळात उपवासाचा फराळ पिशवीत आला आहे. बटाट्याच्या तळलेल्या चिवड्यात शंभर ग्रॅमला पाचशेहून अधिक कॅलरी असतात. पन्नास ग्रॅमची पिशवी म्हणजे अडीचशेच्या वर. साठ-पासष्ट किलो वजनाची बाई तासभर झपाझप चालली, तर साधारण तेवढ्याच कॅलरी खर्च करते. म्हणजे भल्या पहाटे देवीपर्यंत पायी जाऊन आल्याने जे साधले, ते दुपारी गप्पा मारता मारता पाच मिनिटांत फिटले. नवव्या दिवशी काटा हललेला नसतो आणि ती बाई ‘माझ्याच शरीरात काही तरी खोट आहे’ म्हणून खचते. तिचे खचणे आम्हाला बघवत नाही, कारण खोट तिच्यात नाही.

याला पुरावा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवून घेतले आणि २०१९ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोन आठवडे त्यांना कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न दिले, दोन आठवडे साधे, शिजवलेले. समोर ठेवलेल्या अन्नातल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी आणि तंतू दोन्ही वेळी सारखेच ठेवले होते. हवे तितके खा, असे सांगितले होते. पुड्यांतल्या अन्नावर असताना माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. त्या पंधरवड्यात वजन सरासरी जवळजवळ एक किलोने वाढले, दुसऱ्या पंधरवड्यात तितकेच घटले. प्रयोग लहान होता, पण प्रत्येक घास मोजलेला होता. असे अन्न माणसे भराभर खातात, हेही त्यात दिसले. मऊ, विरघळणारे, चावायला न लागणारे अन्न पोटात जाते आणि पुरे झाले हा निरोप मेंदूला पोहोचेपर्यंत पुडा रिकामा झालेला असतो. बाजरीची भाकरी चावावी लागते. दोन भाकरींवर तिसरी घेताना हात थांबतो, याला आपण आजवर सवय समजत आलो; ते भाकरीच्या घडणीतच आहे.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. प्रक्रिया हा काही अपराध नाही. जात्यावरचे पीठ, विरजलेले दही, उन्हाळ्यात गच्चीवर वाळलेल्या कुरडया, सांडगे, बरणीतले लोणचे ही सगळी प्रक्रियाच आहे. उपवासाची भगर घ्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरउतारांवरची वरई नाशिकच्या गिरण्यांत सडून पांढरी होते. त्यात कोंडा जातो, तंतू कमी होतात. तरी ती घरी शिजते, शेंगदाण्याच्या आमटीबरोबर गरम वाढली जाते आणि पोटभर खाल्ली की माणूस उठतो. ब्राझीलमधले कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाचे चार गट पाडले, तेव्हा त्यांचे बोट होते ते चौथ्या गटाकडे: धान्य फोडून वेगळा काढलेला स्टार्च, वेगळे काढलेले प्रथिन, तेल, साखरेचे पाक, आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारी, वास आणि चव देणारी रसायने. आपल्या स्वयंपाकघरात ज्याची बरणी कधीच नसते, असा एखादा पदार्थ यादीत दिसला की तो पुडा या गटातला समजावा.

आता प्रोटीनच्या डब्याविषयी, कारण पोरांच्या खिशाला सगळ्यात मोठे भोक तिथे पडते आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. मग प्रथिने आणायची कुठून? पासष्ट किलोच्या तरुणाला रोज साधारण ५५ ग्रॅम लागतात. दिवसभरात बाजरीच्या चार भाकरी खाल्ल्या तर पंचवीस ग्रॅमच्या आसपास तिथेच मिळतात. मठाची किंवा हुलग्याची वाटीभर उसळ दहा देते, मूठभर शेंगदाणे सात, दोन अंडी बारा. हिशेब पुरा झाला. ग्राऊंडवर अंग मोडून मेहनत करणाऱ्याला थोडी अधिक लागतील, ती डाळ आणि ग्लासभर दुधाने भागतात. अंडी न खाणाऱ्या घरात फुटाणे आणि ताक आहेच. हुलग्याचे शेंगोळे हे थंडीतले जेवण आजीला ठाऊक होते, आईला अजून येते. नातवाला मात्र त्याच्या जिममध्ये कोणी ते प्रथिनांचे जेवण म्हणून सांगितलेले नाही.

या सगळ्याला आमच्या शेताचीही एक बाजू आहे, आणि चांदवडसारख्या तालुक्यात ती विसरून चालणार नाही. अवर्षणाच्या या पट्ट्यात खरिपाचे पीक म्हणजे बाजरी, असे एके काळी होते. आता शिवारात मका दिसतो. शेतकऱ्याने तो हौसेने लावला नाही. एकरी उतारा आणि व्यापाऱ्याची मागणी पाहून लावला. बाजार समितीच्या आवारातून हा मका कोंबडीखाद्याला जातो, इथेनॉलला जातो आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. मक्याच्या स्टार्चपासूनच माल्टोडेक्स्ट्रिन आणि लिक्विड ग्लुकोज बनते, आणि ही दोन नावे एनर्जी पावडरीपासून बिस्किटांपर्यंत असंख्य पुड्यांवर सापडतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये, म्हणजे किलोला चोवीस. तोही पुष्कळदा पदरात पडत नाही. कॉर्नफ्लेक्सचे अर्ध्या किलोचे पाकीट दीडशेच्या पुढे जाते. बाजरीचा हमीभाव त्याच हंगामासाठी २,७७५ रुपये आहे, पण ती पेरायची तर खाणारा हवा. तालुक्यातल्या घरांनी भाकरी सोडली की तालुक्यातल्या शेतानेही बाजरी सोडली.

पुडा खाणाऱ्याला दोष देणे आम्हाला मान्य नाही. दिवसभर कांद्याच्या खळ्यावर वाकून काम करणारी बाई संध्याकाळी सात वाजता घरी येते. मूल भुकेने रडत असते आणि पाच रुपयांचा पुडा कोपऱ्यावर मिळतो. तिला स्वयंपाकाचे महत्त्व सांगायला जाणे हा तिचा अपमान आहे. तिच्याजवळ वेळ नाही, आणि तिच्या वेळेची किंमत पुडा बनवणाऱ्यांनी बरोबर ओळखली आहे. म्हणून उपाय तिच्या मनोनिग्रहावर सोडून भागणार नाही.

पहिली गोष्ट सरकारने करायची आहे. पाकिटाच्या दर्शनी बाजूला साखर, मीठ, चरबी जास्त असल्याचा ठळक इशारा असावा, या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी करायला सांगितले होते. पुढे मुदत वाढली. चिली देशाने असे काळे अष्टकोनी शिक्के २०१६ पासून पाकिटांवर छापायला लावले. आपल्याकडे ते यावेत आणि मराठीत यावेत. करकपात आज लागू होऊ शकते, तर इशाऱ्याला इतकी वर्षे का लागावीत?

दुसरी गोष्ट नियमात आधीच आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम सांगतात. चांदवडमध्ये ते अंतर कधी टेप लावून मोजले गेले का, हे शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि पालकांनी या सत्राच्या पुढच्या बैठकीत विचारावे.

तिसरी गोष्ट चांदवडकरांच्या हातातली आहे आणि तिला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. नवरात्रात यात्रेच्या रस्त्यावर फराळाची दुकाने लागली आहेत; त्यांच्यात राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, उकडलेली रताळी, ताक आणि गरम भगर विकणाऱ्या बाईला मोक्याची जागा मिळावी, ही आमची देवस्थानाला आणि नगर परिषदेला विनंती आहे. आणि नवरात्र संपल्यावर भरतीच्या मैदानाबाहेर सकाळी सात ते नऊ बचत गटांच्या दोन टेबलांना परवानगी द्यावी. बाजरीची भाकरी, मठाची उसळ, दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे. एनर्जी ड्रिंकच्या दोन बाटल्यांच्या पैशांत हे ताट पडते का, याचा हिशेब तालुक्यातल्या बचत गटांच्या बायका कोणत्याही तज्ज्ञापेक्षा चांगला मांडतील. त्यांना विचारायला दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार पुरेसा आहे.