इंजिन नवे, ब्रेक जुने

गाडी जुनी झाली तर तिचे इंजिन काढून त्या जागी मोठे बसवावे, म्हणजे नव्या गाडीचा खर्च वाचतो आणि घरची गाडी घरातच राहते, असा एक विचार आमच्या व्यापारी मंडळींत अधूनमधून डोके वर काढीत असतो. ऐकायला तो गोड आहे. पहिल्या नजरेत हिशेबालाही बरोबर वाटतो. गेल्या महिन्यात हा विचार आमच्याच पेढीवर येऊन बसला, म्हणून त्याबद्दल चार शब्द लिहिणे आम्हाला जरूर वाटले.

आमच्या घरी १९७८ सालची अॅम्बेसेडर आहे, मार्क ३. अब्बांनी ती १९८३ मध्ये मुंबईच्या एका कापड व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली. मालेगावहून मुंबईला ग्रे कापडाचे नमुने घेऊन जाणे, वसुली करून परत येणे, घरातली लग्नकार्ये, आजारपणे, सारे याच गाडीने निभावले. तिचे इंजिन १४८९ सीसीचे, ताकद सुमारे ५० घोड्यांची. गाडीत सात माणसे आणि डिकीत तागे भरले की कसाऱ्याच्या घाटात ती हमखास तापायची. मग बॉनेट उघडायचे, मागच्या चाकाला दगड लावायचा, पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि अर्धा तास दरीकडे बघत बसायचे. आम्ही लहान होतो, आम्हाला त्यात मौज वाटायची. अब्बांना वाटत नसे, कारण मूळजी जेठा मार्केटमधला व्यापारी दुपारनंतर गादीवर सापडेलच याची खात्री नसे.

आता आमच्या पुतण्याने प्रस्ताव आणला आहे. भंगारात निघालेल्या एका गाडीचे इसुझूचे १८०० चे इंजिन त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे आले आहे, पाच गियरच्या बॉक्ससकट. ते आमच्या गाडीत बसवायचे. मिस्त्रीचा अंदाज दीड लाखाचा. पुतण्याचे म्हणणे असे की, हे काही आडगावचे जुगाड नाही, कंपनीने स्वतः हेच केले होते.

हे त्याचे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच तपासून पाहण्यासारखे आहे. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये काँटेसा बाजारात आणली तेव्हा त्या भल्या मोठ्या अंगात अॅम्बेसेडरचेच दीड लिटरचे इंजिन घातले होते. पैलवानाला पोराचे काळीज बसवावे तसा तो प्रकार झाला. गाडी दिसायला रुबाबदार, पण चढ आला की दम टाकायची. पुढे काही वर्षांनी तिला जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले आणि ती खरी गाडी झाली. मग १९९२ मध्ये तेच घराणे अॅम्बेसेडरमध्ये उतरले. १८१७ सीसी, सुमारे ७५ घोडे आणि स्टिअरिंगजवळच्या दांड्याऐवजी खाली जमिनीवरचा पाच गियरचा दांडा. आम्ही ती गाडी त्या काळी एका व्यापाऱ्याकडे चालवून पाहिली आहे. घाटात ट्रकच्या मागे रांगत राहण्याची गरज उरत नव्हती, ओव्हरटेक झटक्यात व्हायचे. दोन पदरी रस्त्यावर समोरून बस येत असताना हा झटका किती मोलाचा असतो, हे ज्याने मुंबई-आग्रा रस्त्यावर आयुष्य घालवले त्यालाच ठाऊक. मोठ्या इंजिनाचा शौक म्हणजे निव्वळ पोरकटपणा, असे आम्ही म्हणणार नाही.

पण कंपनीने इंजिन बदलले आणि अंग मुळातले तेच ठेवले. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेला १९५० च्या दशकातला सांगाडा, मागे पाटे, पावसाळ्यात दारातून गळणारे पाणी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली होती. तिचे इंजिन तर ७९६ सीसीचे, अॅम्बेसेडरच्या निम्म्याच्या आसपास! तरी घरगुती गिऱ्हाईक तिकडे गेले, कारण ती गाडी एका विचाराने आखलेली होती. अॅम्बेसेडरला सरकारी खरेदी आणि टॅक्सीवाले यांनी पुढे बरीच वर्षे तारले. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला आणि २०१७ मध्ये अॅम्बेसेडर हे नाव ८० कोटींना प्युजो कंपनीला विकले गेले.

हा धडा आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. अब्बांचे आठ माग होते, साधे, एक घोड्याच्या मोटरवर चालणारे. मिनिटाला दीडशेच्या आतबाहेर फेरे. एका सालात कापडाला चांगला उठाव आला तेव्हा कुणीतरी सल्ला दिला की, मोटरची पुली मोठी बसवा, माग जोरात चालेल, पाळीला चार मीटर जास्त पडतील. दोन मागांवर पुली बदलली. माग जोरात चालला, यात शंका नाही. पण ताणा जास्त तुटू लागला, जॉबर दिवसभर त्या दोनच मागांजवळ उभा, आणि आठव्या दिवशी धोटा उडून शेजारच्या मागावरच्या कारागिराच्या कपाळाला लागला. त्या आठवड्यात त्या दोन मागांचे कापड बाकीच्या मागांपेक्षा कमी निघाले. अब्बांनी जुन्या पुल्या परत चढवल्या आणि त्या कारागिराचा दवाखान्याचा खर्च केला. २०१७ मध्ये केंद्राची पॉवरटेक्स इंडिया योजना आली, तिच्यात साधे माग सुधारण्यासाठी जी जोडसाधने दिली होती ती आमच्या तरुण मंडळींनी जरा नीट पाहावीत. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवणारे साधन, बाण्याचा तुटला की थांबवणारे साधन. सुधारणा करणाऱ्याने आधी थांबण्याची सोय पाहिली होती.

गाडीचेही हेच आहे. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत, ते ५० घोड्यांच्या हिशेबाने दिलेले. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी ९० ने जाऊ लागली तर वेग दीडपट होतो. पण थांबवायला लागणारी जोर-मेहनत सव्वादोनपट होते आणि ब्रेक लागल्यापासूनचे अंतरही तितकेच वाढते. ही शाळेतल्या पदार्थविज्ञानाची गोष्ट आहे, कुणाच्या मताची नाही. त्यात घाट उतरताना ड्रम एकदा तापला की पाय दाबत राहतो आणि गाडी ऐकत नाही. इंजिन वाढले की रेडिएटर वाढवावा लागतो, माउंटिंग नव्याने वेल्ड करावे लागते, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवावी लागते, सायलेन्सरचा पाइप फिरवावा लागतो. पंचेचाळीसहून अधिक वर्षे झिजलेल्या डिफरन्शियलवर नवा जोर पडतो तो वेगळाच. या सगळ्याचा मिस्त्रीच्या दीड लाखात समावेश आहे का, असे आम्ही पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "चाचा, ते नंतर बघू." आमच्या तजुर्ब्याप्रमाणे कुठल्याही धंद्यात सर्वात महाग पडणारे वाक्य हेच आहे.

१९९६ सालची गोष्ट आहे. त्या काळी पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी तफावत होती, त्यामुळे अॅम्बेसेडरमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवून घेण्याची लाटच आली होती. आमच्या सूत बाजारातल्या एका व्यापाऱ्याने ते बसवले. इंधनाचा खर्च खरोखर खाली आला. तो प्रत्येकाला डायरी उघडून दाखवी. पण ते इंजिन वजनाला भारी, गाडीचे नाक खाली गेले, आणि ब्रेकला त्याने हातही लावला नव्हता. चांदवडजवळ राहूडच्या घाटात उतारावर गाडी पुढच्या ट्रकच्या मागे घुसली. तो स्वतः वाचला. पुढच्या सीटवर त्याचा मुनीम होता, त्याचा उजवा पाय गुडघ्यातून गेला. पेट्रोलमध्ये वाचलेले पैसे कुठे गेले, हे त्याला विचारण्याची हिंमत बाजारात कुणाला झाली नाही. मुनीम पुढे बसूनच वह्या लिहीत असे.

आता कायद्याचे बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा, कलम ५२. सन २००० च्या दुरुस्तीपासून ते अधिक कडक झाले आहे. आर. सी. मधला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आर. सी. वर इंजिनाचा नंबर असतो, सीसी असते. त्यामुळे हा बदल लपत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेषा पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. दंड परवडेल, असे पुतण्या म्हणतो. परंतु विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो, आणि तेव्हा रक्कम पाच हजारांची नसते.

त्यात आणखी एक मुद्दा आहे, जो मिस्त्रीला माहीतच नव्हता. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते. पण ती मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही हे खरे. तरी आमच्या गाडीला २०२८ मध्ये ५० वर्षे होतील. म्हणजे अब्बांचे इंजिन उपटून भंगारात द्यायचे आणि त्यासाठी दीड लाख वर मोजायचे!

सरकारलाही आमचे एक सांगणे आहे. सीएनजीच्या किटला कायद्यात वाट आहे, विजेवर चालवण्याच्या किटलाही आहे. मग ज्या बॉडीत कंपनीने स्वतः १९९२ पासून एखादे इंजिन बसवून विकले, त्याच बॉडीच्या जुन्या गाडीला तेच इंजिन, ब्रेक आणि धुराच्या तपासणीची अट घालून, साध्या लेखी पद्धतीने का बसवता येऊ नये? आमचे मिस्त्री हुशार आहेत. त्यांना उघडपणे, कागदावर काम करू दिले तर ते ब्रेकही नीट करतील. चोरून केलेल्या कामात आधी ब्रेकच वगळला जातो, कारण तो वरून दिसत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. दीड लाख पुतण्या पेढीतून मागत होता. पेढीत तीन भावांची भागीदारी, सुताचे देणे महिनाअखेरीला, आणि ग्रे कापडाची उधारी तीन-तीन महिने अडकलेली. शौक स्वतःच्या खिशातून करावा. भागीदारीचा पैसा अमानत आहे. हे आम्ही त्याला जरा मोठ्या आवाजात सांगितले, ज्याचे आम्हाला नंतर वाईट वाटले, कारण गाडीवर त्याचा जीव आहे. दादाजानच्या मांडीवर बसून त्याने तिचे स्टिअरिंग धरलेले आहे.

शेवटी असे ठरले की, जुन्याच इंजिनाचे बोअरिंग करून पिस्टन-रिंग बदलायचे, रेडिएटरची जाळी नवी घालायची, आणि मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, लायनर हे सर्व एकदम नवे करायचे. चौघांनी मिळून आपापल्या खिशातून खर्च केला, पुतण्याचाही वाटा त्यात आहे. परवा आम्ही नाशिकपर्यंत जाऊन आलो. राहूडच्या उतारावर तिसऱ्या गियरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून. पाठीमागून हॉर्न बरेच वाजले. इसुझूचे इंजिन अजून मिस्त्रीच्या गॅरेजात ताडपत्रीखाली पडून आहे, आणि पुतण्या दर शुक्रवारी त्या बाजूने घरी येतो.