चाळिशीनंतरचा फुटबॉल आणि आपले कर्तव्य

हिवाळा लागला की कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि आमच्या चिकित्सालयात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. वय चाळीस ते पंचावन्न. तरुणपणी पेठेतल्या संघातून खेळलेले. मधली वीस वर्षे दुकानाच्या गादीवर किंवा कचेरीच्या खुर्चीत गेलेली. आणि आता रविवारी सकाळी जुन्या सवंगड्यांबरोबर पुन्हा मैदानात उतरलेले. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा तालमींच्या नावांनी जेथे फुटबॉलचे संघ ओळखले जातात, त्या गावात ही ओढ पुन्हा जागी व्हावी यात नवल नाही.

अशा रुग्णाला आपल्याकडून बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘आता हे वय आहे का?’ दुसरे, महानारायण तेलाची बाटली, गुग्गुळाच्या गोळ्या आणि ‘पुढच्या रविवारी खेळा.’ आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

दुसऱ्या उत्तराचा दोष आम्ही स्वतःच्या शरीरावर भोगला आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी आम्ही पुन्हा बूट बांधले. तिसऱ्याच रविवारी पोटरीत लचक भरली. रुग्णाला सांगितली असती ती विश्रांती स्वतः न घेता, तेल चोळून आठव्या दिवशी आम्ही धावलो. परिणामी तीन महिने लंगडत चिकित्सालयात येण्याची पाळी आली.

शास्त्र मात्र या वयाला मैदानाबाहेर काढीत नाही. सुश्रुताचार्यांनी चाळिसाव्या वर्षापर्यंत धातू, इंद्रिये व बल यांची संपूर्णता सांगितली असून, त्यानंतर सत्तरीपर्यंत होणारी हानी ‘ईषत्’, म्हणजे अल्प, म्हटली आहे. हानी आहे, पण ती अल्प आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणे हेच या वयातील खेळाचे मर्म होय. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीनेच, आणि इतर ऋतूंत त्याहूनही मंद व्यायाम करावा असे सांगितले आहे. आपला फुटबॉलचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत लांबतो, हे येथे विसरू नये. कपाळी व काखेत घाम, मुखशोष, तोंडाने श्वास ही अर्धशक्तीची लक्षणे आपण परीक्षेसाठी पाठ केली. ती खेळाडूला समजावून सांगणारे किती?

आधुनिक अनुभवही याच दिशेचा आहे. डेन्मार्कमध्ये पीटर क्रुस्ट्रुप व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत, लहान मैदानावर आठवड्यातून दोन-तीन वेळा नियमित फुटबॉल खेळणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांचा वाढलेला रक्तदाब उतरल्याचे आढळले. इंग्लंडमधील चेस्टरफिल्ड येथे 2011 साली पन्नाशीपुढील मंडळींसाठी चालत खेळायचा फुटबॉल सुरू झाला; त्यात धावण्यास मनाई असते. तेव्हा प्रश्न वयाचा नसून मात्रेचा आहे.

औषधालयाच्या मालकांना आमचे विशेष सांगणे आहे. आमच्या मैदानावरील एक सोबती तीन आठवडे छातीतील जळजळीसाठी दुकानातून अविपत्तिकर चूर्ण नेत होते. बोलता बोलता कळले की ही जळजळ जेवणानंतर होत नसे. धावताना होई आणि थांबले की शमे. आम्ही त्याच दिवशी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे धाडले. रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. दुकानदाराने ‘कधी होते?’ एवढा एकच प्रश्न विचारला असता, तर तीन आठवडे वाचले असते. या वयात मैदानावर अकस्मात येणाऱ्या मृत्यूंचे प्रमुख कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार हेच असते. तेथे चूर्णाची पुडी म्हणजे विलंब.

म्हणून काही व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. खेळ पुन्हा सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, रक्तशर्करा व हृदयाची तपासणी व्हावी. धूम्रपान, मधुमेह वा घरात हृदयविकार असल्यास तज्ज्ञांचा सल्ला अनिवार्य समजावा. पहिले दोन महिने चालणे, हलके धावणे व पायांचे बलवर्धन करावे, चेंडू त्यानंतर. दर खेळापूर्वी वीस मिनिटे शरीर तापवावे. ‘फिफा 11+’ हा व्यायामक्रम त्यासाठी उपलब्ध आहे. ताज्या दुखापतीवर सूज असताना जोराचे मर्दन व स्वेदन टाळावे. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून टाचेवर अचानक वेदना झाली, आणि रुग्णाला पालथे निजवून पोटरी दाबली असता पाऊल हलले नाही, तर टाचेची कंडरा तुटल्याचे समजून त्याच दिवशी अस्थिशल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. तेथे लेप व पट्टी यांत दिवस दवडू नयेत.

अभ्यंग, आहार, निद्रा आणि ऋतुचर्या ही आपली खरी बलस्थाने आहेत, आणि ती दुखापतीनंतर नव्हे तर खेळापूर्वी उपयोगी पडतात. आम्ही आजही रविवारी खेळतो. पूर्वीपेक्षा हळू, निम्माच वेळ, आणि दम लागला की निमूटपणे बाहेर बसून. हे बाहेर बसणे शिकण्यास आम्हांस तीन महिन्यांचे लंगडणे खर्ची घालावे लागले. आपल्याकडे येणाऱ्या खेळाडूस ते पाच मिनिटांच्या संवादात शिकविता येईल. तेवढा वेळ व्यवसायबंधूंनी अवश्य काढावा, ही विनंती.