घोडे कुठे पेंड खाते? ऑनलाइन पोकर आणि संगणकाची निवड

संगणक विकत घेताना किंवा जुन्या संगणकात नवा भाग बसवताना ज्या कामासाठी तो वापरायचा ते काम नेमके कोठे खोळंबते, हे सर्वांत आधी पाहावे लागते. कारण जेथे काम खोळंबतच नाही तेथे कितीही पैसा ओतला तरी वापरणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. घोडे कुठे पेंड खाते ते शोधल्यावाचून केलेली खरेदी ही दुकानाच्या सोयीची असते, घराच्या सोयीची नसते, हे या स्तंभातून सातत्याने मांडले जाणारे तत्त्व तपासून पाहण्यासाठी ऑनलाइन पोकर हे अत्यंत उपयुक्त उदाहरण आहे. ‘गेमिंग’ या शिक्क्याखाली बाजारात जे संगणक चढ्या किमतीला विकले जातात, त्यांच्या किमतीचा मोठा हिस्सा ज्या भागावर खर्च होतो, त्याच भागाची पोकरला जवळजवळ गरज नसते, आणि ज्या भागांची गरज असते त्यांचा उल्लेख जाहिरातीत क्वचितच आढळतो.

विषयात शिरण्यापूर्वी त्याची चौकट स्पष्ट करणे आवश्यक आहे. खऱ्या पैशांचा ऑनलाइन पोकर १९९८ साली सुरू झाला आणि २००३ मध्ये, टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने ऑनलाइन पात्रता फेरीतून प्रवेश मिळवून लास व्हेगासमधील ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा व २५ लाख डॉलरचे बक्षीस जिंकल्यावर, तो घराघरांत पोहोचला. अमेरिकेत आज तो मोजक्याच राज्यांत वैध आहे. त्यांपैकी न्यू जर्सीमध्ये, जेथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, नोव्हेंबर २०१३ पासून त्याला परवानगी आहे. भारतात मात्र २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट मनाई केली आहे. त्यामुळे पुढील विवेचन खेळ जेथे वैध आहे तेथील खेळाडूच्या संदर्भात वाचावे. भारतातील वाचकाने त्यातून खरेदीची विचारपद्धती तेवढी घ्यावी.

या खेळात संगणकाच्या वाट्याला येणारे काम पाहिले तर पहिला गैरसमज आपोआप दूर होतो. पत्ते पिसणे, वाटणे, कोणी किती पैसे लावले याचा हिशेब ठेवणे आणि डाव कोणाचा ते ठरवणे ही सर्व कामे खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूर ठेवलेल्या मध्यवर्ती संगणकावर होतात. खेळाडूच्या घरातील संगणक फक्त त्या निकालाचे चित्र दाखवतो आणि खेळाडूने दाबलेले बटण सर्व्हरला कळवतो. हे चित्रही बव्हंशी स्थिर असते. युद्धाच्या किंवा शर्यतीच्या खेळांत सेकंदाला अनेक वेळा त्रिमितीय दृश्य नव्याने रेखाटावे लागते आणि त्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड अपरिहार्य ठरते. पोकरला मात्र प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली चित्रव्यवस्था पुरते.

ग्राफिक्स कार्डाचा आग्रह धरणारा जुना सल्ला अजूनही ऐकू येतो, त्याला एक ऐतिहासिक कारण आहे. २००४ साली अॅपलने २५६० × १६०० बिंदूंचा ३० इंची मॉनिटर बाजारात आणला आणि पुढे इतर कंपन्यांचेही तसेच मॉनिटर आले, तेव्हा एवढे बिंदू वाहून नेण्यासाठी ‘ड्युअल-लिंक डीव्हीआय’ नावाची दुपदरी जोडणी लागत असे आणि ती स्वतंत्र कार्डावरच मिळे. मोठ्या पडद्यावर अनेक टेबले मांडणाऱ्या खेळाडूला त्या काळी कार्ड घेणे भागच होते. आज ते कारण उरलेले नाही, सल्ला तेवढा उरला आहे. आताच्या खेळाडूने पाहायचे ते एवढेच, की आपल्या संगणकाला किती मॉनिटर जोडता येतात आणि त्याचे पोर्ट कोणत्या पिढीचे आहेत.

या खेळात खरी निकड पडद्याची असते. प्रत्यक्ष टेबलावर ताशी पंचवीस-तीस डाव होतात, तर ऑनलाइन टेबलावर पत्ते पिसण्याचा वेळ वाचल्यामुळे साठ ते ऐंशीपर्यंत डाव होऊ शकतात. शिवाय ऑनलाइन खेळाडू एकाच वेळी अनेक टेबलांवर बसू शकतो, ज्याला मल्टिटेबलिंग म्हणतात. ही टेबले फरशांप्रमाणे शेजारी शेजारी मांडता येतात किंवा एकावर एक रचता येतात. रचलेल्या मांडणीत ज्या टेबलावर निर्णय घ्यायचा तेवढेच वर येते, परंतु तोपर्यंत त्या डावात काय घडले हे डोळ्यांआड राहते. प्रतिस्पर्ध्यांचे वर्तन वाचण्यावर ज्याचा भर आहे त्याला शेजारी शेजारी मांडलेली टेबलेच हवीत, आणि त्यासाठी जागा हवी.

ही जागा मोजण्याचे एकक इंच हे नसून बिंदू हे आहे. १९२० × १०८० बिंदूंच्या सर्वसामान्य मॉनिटरवर ९६० × ५४० बिंदूंची चार टेबले एकमेकांना न झाकता बसतात. ३८४० × २१६० बिंदूंच्या, म्हणजे ‘फोर-के’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मॉनिटरवर बरोबर चौपट बिंदू असल्याने त्याच मापाची सोळा टेबले बसतात. येथेच खरेदीदाराची फसगत होण्याची शक्यता असते. २७ इंची फोर-के मॉनिटरवर बिंदू इतके दाट असतात की अक्षरे वाचता यावीत म्हणून विंडोजमध्ये सर्व आकार दीडपट करावे लागतात, आणि तसे केले की हाती उरणारी जागा २५६० × १४४० बिंदूंच्या स्वस्त मॉनिटरएवढीच भरते. अक्षरे अधिक रेखीव दिसतात हे खरे, पण टेबले वाढत नाहीत. याउलट ४३ इंची फोर-के पडदा म्हणजे साडेएकवीस इंची चार मॉनिटर मधल्या कडा काढून एकत्र जोडल्यासारखाच असतो, त्यामुळे आकार न वाढवता त्याची संपूर्ण जागा वापरता येते. मात्र त्यासाठी मॉनिटर ठेवायच्या मेजाला पुरेशी खोली हवी, नाहीतर मान सतत फिरवत राहावी लागते. जोडणीचाही विचार आवश्यक आहे, कारण जुन्या ‘एचडीएमआय १.४’ पोर्टमधून फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा ताजे होते आणि माउसचा बाण अडखळल्यासारखा वाटतो, तर ‘एचडीएमआय २.०’ किंवा ‘डिस्प्लेपोर्ट १.२’मधून ते साठ वेळा ताजे होते. दिवसाकाठी हजारो वेळा क्लिक करणाऱ्या हाताला हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही.

पडद्याखेरीज काम खोळंबते ते साठवणुकीपाशी. प्रत्येक डाव संपला की पोकरचे सॉफ्टवेअर त्याचा संपूर्ण तपशील मजकुराच्या फाइलमध्ये लिहिते, आणि ‘पोकरट्रॅकर’सारखा नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम ती फाइल वाचून त्यातील माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे शोधण्याजोग्या पद्धतीने रचलेल्या नोंदवहीत, भरतो. त्या नोंदींवरून प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची टक्केवारी काढून ती टेबलावर त्याच्या नावाशेजारी दाखवली जाते. या आकड्यांच्या पट्टीला हड असे म्हणतात, आणि एखादा खेळाडू शंभरांपैकी किती डावांत स्वेच्छेने पैसे लावतो हा त्यातील सर्वांत मूलभूत आकडा होय. नोंदी लाखांच्या घरात गेल्या की त्या डिस्कवर विखुरतात, आणि मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती नोंद सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून अधिक, नुसते थांबावे लागते. सुईच्या हालचालीचा वेळ त्यात धरला तर सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास ठिकाणी ती पोहोचू शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ती तेवढ्याच वेळात हजारो ठिकाणांहून नोंदी उचलते. ज्याच्या संगणकात अजूनही हार्ड डिस्क आहे त्याने दुसरा कोणताही भाग बदलण्याआधी एसएसडी बसवावी आणि जुनी डिस्क फेकून न देता डेटाबेसची दुसरी प्रत ठेवण्यासाठी वापरावी. सर्वच कंपन्या हडला परवानगी देत नाहीत, म्हणून त्यासाठी खर्च करण्याआधी संबंधित नियम वाचणे शहाणपणाचे ठरते.

रॅम आणि प्रोसेसर यांची गरज खेळाडू अभ्यास कसा करतो यावर अवलंबून असते. नुसत्या खेळासाठी व नोंदींसाठी १६ जीबी रॅम पुरेशी असते, आणि ती एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घेतली तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळत असल्याने अंतर्भूत चित्रव्यवस्थेलाही त्याचा लाभ होतो. परंतु ज्याला ‘सॉल्व्हर’ वापरायचा आहे त्याचे गणित वेगळे असते. सॉल्व्हर म्हणजे एखाद्या परिस्थितीत दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाला तर कोणती चाल किती वेळा खेळावी, हे असंख्य आवर्तने करून शोधणारा प्रोग्रॅम. टेबलावर प्रथम उघडणारी तीन सामाईक पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात, आणि रंगांची अदलाबदल वगळली तरी १,७५५ भिन्न प्रकार उरतात. त्यांतील प्रत्येकावर पैसे लावण्याचे जितके पर्याय गृहीत धरावेत तितक्या पटींनी शक्यतांचा वृक्ष फोफावतो, आणि तो सारा वृक्ष रॅममध्ये मावला तरच गणना सुरळीत चालते. अशा अभ्यासासाठी ६४ जीबी रॅम आणि अधिक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे घटक, असलेला प्रोसेसर घेणे समर्थनीय ठरते. खेळ चालू असताना मात्र सॉल्व्हरचा आधार घेणे ही उघड लबाडी आहे. नामांकित कंपन्या तिला मज्जाव करतात आणि त्यासाठी खाती बंदही करतात.

मोठे यंत्र म्हणजे मोठी बुद्धी, या समजुतीला पोकरच्याच संशोधनाने उत्तर दिले आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये दोन खेळाडूंचा, ठरावीक रकमेच्या पैजांचा पोकर जवळजवळ पूर्णपणे सोडवल्याचे जाहीर केले, तेव्हा ‘सिफियस’ या त्यांच्या प्रोग्रॅमसाठी ४,८०० कोअर सुमारे ६८ दिवस राबत होते. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवणाऱ्या ‘लिब्राटस’मागे महासंगणक उभा होता. परंतु २०१९ साली टुमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी सहा खेळाडूंच्या, म्हणजे कितीतरी अधिक गुंतागुंतीच्या पोकरसाठी तयार केलेला ‘प्लुरिबस’ हा प्रोग्रॅम ६४ कोअरच्या एकाच सर्व्हरवर आठ दिवसांत शिकला, आणि त्या शिक्षणाचा खर्च भाड्याच्या संगणकाच्या दराने १५० डॉलरहूनही कमी होता. या अंतराचे श्रेय मुख्यतः विचारपद्धतीला जाते. घरी बसून अभ्यास करणाऱ्या खेळाडूलाही हेच लागू पडते, कारण मोजक्या पैजांचा नीट निवडलेला छोटा वृक्ष त्याला मोठ्या यंत्रावरील अविचारी वृक्षाहून अधिक शिकवतो.

स्वस्त असूनही दुर्लक्षित राहणारे भाग वेगळेच आहेत. पोकरला इंटरनेटचा वेग फारसा लागत नाही, सातत्य लागते; ऐन डावात जोडणी तुटली आणि दिलेला वेळ संपला तर हातातील पाने बाद होऊन लावलेले पैसे जातात. त्यामुळे राउटरपासून थेट आणलेली केबल आणि संगणकाबरोबर राउटरलाही वीज पुरवणारा लहान यूपीएस यांचे मोल नव्या प्रोसेसरहून अधिक आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यात आणखी एक अट असते, ती म्हणजे खेळाडू राज्याच्या हद्दीत असल्याची खात्री सतत केली जाते आणि त्यासाठी आसपासच्या वाय-फाय संकेतांचा आधार घेतला जातो. परिणामी केबलने जोडलेल्या पण वाय-फाय नसलेल्या डेस्कटॉपला परवानगी नाकारली जाऊ शकते, आणि हजारो डॉलरच्या संगणकाचे काम यूएसबीमध्ये खोचायच्या लहानशा वाय-फाय अडॅप्टरावाचून अडते. सुरक्षिततेचेही तसेच आहे: विंडोज १० साठीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि, इंटेलच्या बाबतीत, सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ज्या संगणकावरून पैशांचे व्यवहार होतात तो या अटीत बसत नसेल तर संपूर्ण यंत्र बदलण्यास तेवढे एक कारण पुरेसे आहे, आणि कार्यालयांतून निघालेले त्या पिढीचे वापरलेले डेस्कटॉपही या कामाला पुरतात.

म्हणून क्रम असा असावा: आधी सुरक्षित प्रणाली व अखंड जोडणी, मग एसएसडी, त्यानंतर पडदा, अभ्यास गंभीर असेल तर रॅम आणि प्रोसेसर, आणि ग्राफिक्स कार्ड केवळ दुसऱ्या एखाद्या कामासाठी हवे असेल तरच. या खर्चाला गुंतवणूक म्हणण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. पैशांच्या खेळात कंपनी पॉटमधून, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेतून, किंवा प्रवेशशुल्कातून आपला वाटा काढून घेते. त्यामुळे सर्व खेळाडूंनी मिळून लावलेल्या पैशांपेक्षा त्यांना मिळून परत येणारे पैसे नेहमीच कमी असतात, आणि यंत्राची किंमत खेळातून वसूल होईल असे गृहीत धरणारा बहुतेक वेळा आपल्या कुटुंबाच्या कष्टाच्या पैशाचा चुकीचा हिशेब मांडत असतो.

पडदा मोठा झाला, डिस्क वेगवान झाली, जोडणी पक्की झाली, की टेबलांची संख्या वाढवत नेणे सोपे होते. चाराची आठ आणि आठाची सोळा टेबले होतात, आणि एका टप्प्यावर निर्णयाची वेळ आलेली टेबले खेळाडूच्या उत्तराची वाट पाहू लागतात. त्या क्षणी काम खोळंबण्याची जागा यंत्रातून माणसाच्या अवधानात सरकलेली असते, आणि तेथे बसवता येईल असा कोणताही भाग दुकानात मिळत नाही. चार टेबले उघडी ठेवून प्रत्येक डाव समजून खेळता येत असेल, तर चार टेबले नीट दाखवणारा संगणक हाच त्या माणसासाठी पूर्ण संगणक आहे, आणि त्यापुढची खरेदी त्याने करू नये.