नेकी करा, पण फोटो टाकू नका

महिन्यातून एकदा तरी माझ्या फोनवर हा मेसेज येतोच: 'पासपोर्ट सापडला आहे, जास्तीत जास्त शेअर करा, सवाब मिळेल.' सोबत पासपोर्टच्या पानाचा फोटो. नाव, जन्मतारीख, क्रमांक, सही, सगळं उघडं. कुणी शेवटचं पानही टाकतं, म्हणजे आईवडिलांची नावं आणि घरचा पत्ताही. पासपोर्ट एखाद्या मुलीचा असेल तर तिचा चेहरा आणि पत्ता शेकडो अनोळखी पुरुषांच्या हातात. खाली 'माशाअल्लाह'ची रांग.

ही नेकी नाही, हा निष्काळजीपणा आहे. त्या फोटोवरून कुणी बनावट कागद केले, तर पोलीस दार कुणाचं ठोठावतील? ज्याचं नाव त्यावर आहे त्याचंच.

धर्माचं नाव घेऊन हे फॉरवर्ड होतं, म्हणून धर्माचंच सांगतो. सापडलेल्या वस्तूला फिक्हमध्ये 'लुक्ता' म्हणतात. पैगंबरांना (स.) याविषयी विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की आधी तिची थैली आणि थैलीची दोरी नीट ओळखून ठेवा, मग वर्षभर पुकारा करा. दोरी कशासाठी? मालक म्हणून येणाऱ्याला खूण विचारता यावी म्हणून. पुकारा वस्तूचा करायचा, खुणेचा नाही. आपण मात्र खूणच गावभर वाटतो आणि मग खरा मालक कोण, हे ओळखायला काहीच हाती ठेवत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 17 नुसार पासपोर्ट कायम केंद्र सरकारची मालमत्ता असतो. म्हणून तो घरी ठेवून बक्षिसाची वाट पाहणं चूक, आणि ओळख न पटवता कुणाच्या हाती देणं त्याहून चूक. तो पोलीस ठाण्यात किंवा पासपोर्ट कार्यालयात द्या. उमराहला गेलेले असताना सौदीत सापडला, तर जेद्दाहचं भारतीय वाणिज्य दूतावास आहे. आतल्या पत्त्यावर मालकाला कळवा, पण लगेच. त्याने हरवल्याची तक्रार करून नवा पासपोर्ट घेतला की जुना रद्द होतो. मग तो मिळूनही प्रवासाला उपयोग नाही. आखातातल्या नोकरीवर अख्खं घर चालणाऱ्या कोकणातल्या माणसाला रजा संपत आली असताना एकेक दिवस किती मोलाचा, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

"भाई, दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन आम्ही ठाण्यात गेलो तर आम्हालाच बसवून ठेवतील," असं तरुण म्हणतात. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावर फॉरवर्ड हा उपाय नाही. दोघं मिळून जा, जमलं तर ओळखीचा वकील सोबत घ्या. कुठे, कधी, कसा सापडला ते साध्या अर्जात लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ती पोच हेच तुमचं संरक्षण. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज घेऊन पासपोर्ट कार्यालय गाठा.

आपल्याच समाजाने गेल्या काही वर्षांत कागदांची धास्ती पुरेपूर अनुभवली आहे. जुने दाखले शोधत, नावातली एक वेलांटी दुरुस्त करायला रांगेत उभे राहिलो आहोत. कागद म्हणजे काय, हे आपल्याला तरी कळायला हवं.

तेव्हा पुढच्या वेळी असा फोटो आला, तर 'माशाअल्लाह' लिहू नका. टाकणाऱ्याला फोन करा, फोटो सगळ्यांसाठी डिलीट करायला लावा आणि पासपोर्ट जमा करायला त्याच्यासोबत जा.