भाव पडला, पण कुणाच्या अंगावर?

कांद्याचा भाव पडला की शहरातले शहाणे लगेच तोंड उघडतात. माल जास्त झाला, गिऱ्हाईक आटलं, आता शेतकऱ्यानं लागण कमी करावी. झालं यांचं अर्थशास्त्र! बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल बघायला आलेला म्हाताराबी एवढं सांगतो. एका साली भाव चढला की पुढल्या साली जो तो कांदाच लावतो. बराखी भरतात, भाव कोसळतो, मग रान दुसऱ्या पिकाखाली जातं, कांदा तुटतो, भाव पुन्हा चढतो. हे चाक सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याखाली चिरडतं कोण, ते मात्र कुणी बोलत नाही.

लागणीचे एकर घटले म्हणजे काय झालं? वाफ्यात दिवसभर ओणवं होऊन रोप लावणाऱ्या बायांची टोळी घरी बसली. आणे पठारावरच्या बाया, अकोल्याकडून आलेल्या आदिवासी बाया, आमच्या वस्तीतल्या आयाबहिणी. लागण उक्ती, एकरावर. एकर गेला की मजुरी गेली. मालक कांदा सोडून ऊस लावील, मका लावील. त्याला एवढी माणसं लागत नाहीत. तो पीक बदलतो, ह्यांनी काय बदलायचं? पोट?

२०२३ चंच बघा. फेब्रुवारी-मार्चात कांदा मातीमोल झाला. सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, तेही २०० क्विंटलपर्यंत. कागद काय पाहिजेत? बाजार समितीची पट्टी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद. घ्या! शेतकऱ्याला मिळालं याचं दुःख नाही, त्याच्याही हातावर तुकडाच पडला. पण जिच्या नावावर सातबाराच नाही, तिचा तोटा सरकारदरबारी तोटाच नाही.

आणि गिऱ्हाईक काय आपोआप आटतं? त्याच साली ऑगस्टात भाव जरा वर सरकला तर निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला सरळ बंदी. बंदी उठली ४ मे २०२४ ला, शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. दार असं उघडझाप करायला लागल्यावर बांगलादेश, श्रीलंका दुसरं दुकान बघणारच. आम्हाला धक्क्यावर हे आधी कळतं. कंटेनर अडला की पाळी बुडाली. वाफ्यातली बाई आणि धक्क्यावरचा मी, एकाच गोणीची दोन टोकं.

जमिनीवर रिकाम्या हातांचा भार आहे, त्यांना उद्योगधंद्यात काम पाहिजे, हे बाबासाहेबांनी लहान शेतजमिनींवरच्या निबंधात १९१८ सालीच मांडलं. शंभर वर्षं उलटून गेली. हात तिथंच, वाफ्यात.

दोस्तांनो, भाव मागायला मोर्चा निघाला तर जरूर जा. पण आपला कागद वेगळा लिहून न्या. पिकाची नोंद होते तशी लागण-काढणीच्या टोळीची नोंद ग्रामपंचायतीत झाली पाहिजे. अनुदान निघेल तेव्हा बुडालेल्या मजुरीचा वाटा त्या नोंदीवर मिळाला पाहिजे. रोजगार हमीचा कायदा ह्याच महाराष्ट्रानं १९७७ साली केला. मग लागण घटलेल्या साली बेल्ह्याच्या शिवारात काम का निघू नये, हे तहसीलदाराला तोंडावर विचारा.